भयाच्या आरासीतून अभयाकडे

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेतील बोस्टन शहराच्या बीकन हिल या जुन्या वस्तीचे रूप पालटते. विटांची जुनी घरे, अरुंद चढउताराच्या गल्ल्या, गॅसचे दिवे आणि प्रत्येक पायरीवर कोरलेले भोपळे. खिडक्यांतून हाडांचे सापळे डोकावतात, लोखंडी कठड्यांवर कोळ्यांची खोटी जाळी पसरलेली असतात. 31 ऑक्टोबरच्या सायंकाळी, म्हणजे हॅलोवीनला, नाना सोंगे घेतलेली मुले दारोदार खाऊ मागत हिंडतात. ही आरास पाहण्यासाठी उपनगरांतूनही कुटुंबे येतात. बोस्टन परिसरातील जैन केंद्राची स्थापना 1973 सालची. तेथे जैन मुलांची दुसरी पिढी वाढते आहे. रविवारी पाठशाळेत अहिंसेचे धडे गिरवणाऱ्या मुलांना या भुताखेतांच्या गल्लीत न्यावे काय, हा प्रश्न आईवडिलांना पडतो. नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांना तर अधिकच.

या प्रथेचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडील केल्टिक लोकांच्या ऋतुसंधीच्या सणात आहे. सुगी संपून हिवाळा लागण्याच्या रात्री मृतात्मे पृथ्वीवर येतात, अशी त्यांची समजूत होती. आयर्लंडमध्ये त्या वेळी सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांबरोबर ही चाल अमेरिकेत रुजली आणि कंदमुळाची जागा भोपळ्याने घेतली.

जैन गृहस्थाला हा देखावा अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. बारा अनुप्रेक्षांमध्ये अनित्य आणि अशुचि या भावना आहेतच. देह नाशवंत आहे, कातडीखाली हाडामांसाचा पिंजरा आहे, हे चिंतन श्रावकाला सांगितलेले आहे. अंगणातला प्लॅस्टिकचा सांगाडा पाहून एखादे बालक घाबरले, तर आजीने त्याला जवळ घेऊन हीच गोष्ट सोप्या शब्दांत सांगावी. भीती तिथेच ओसरते.

मात्र आरास पाहताना आणि करताना विवेक हवा. बाहेर झाडाझुडपांवर ताणलेल्या कापसाच्या खोट्या जाळ्यांत लहान पक्षी, वटवाघळे आणि मधमाश्या अडकतात. शोभेसाठी जिवाला फास बसतो. अशी जाळी आपल्या घरी लावूच नये, हवी तर घराच्या आत लावावी. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी विजेचा लहान दिवा ठेवला तर ज्योतीवर झेपावणारे कीटक वाचतात. खाऊचेही तसेच. मऊ, चिवट गोळ्यांत पुष्कळदा जिलेटिन असते. ते प्राण्यांच्या हाडांपासून व कातडीपासून काढतात. काही गोळ्यांचा लाल रंग किड्यांपासून मिळवलेला असतो. वेष्टनावरील घटक वाचण्याची सवय मुलांना यानिमित्ताने लावता येते. त्या दिवशी बोस्टनला पावणेसहाच्या आतच सूर्य मावळतो. म्हणून रात्रिभोजनाचा त्याग पाळणारी कुटुंबे जेवण आधी उरकतात आणि मिळालेला खाऊ दुसऱ्या दिवसासाठी ठेवतात. काही दारांत निळसर हिरवा भोपळा दिसतो. तेथे खाऊऐवजी पेन्सिली, खेळणी अशा वस्तू मिळतात. अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी 2014 पासून देशभर पसरलेली ही सोय जैन मुलांच्याही कामी येते.

बोस्टनच्या उत्तरेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर सेलम हे गाव आहे. हॅलोवीनच्या महिन्यात तेथे लाखो प्रवासी लोटतात. चेस्टनट स्ट्रीटवरील भव्य जुनी घरे सजतात, रस्तोरस्ती टोकदार टोप्या घातलेल्या चेटकिणी हिंडतात. परंतु 1692 साली याच परिसरात चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी दिले गेले आणि एका वृद्धाला छातीवर दगड रचून मारले गेले. शेजाऱ्याला शेजाऱ्याची भीती वाटली, आणि त्या भीतीने न्यायासनही आंधळे झाले. जुन्या दफनभूमीलगत 1992 साली या वीस जणांचे स्मारक उभारण्यात आले. प्रत्येकाच्या नावाचा एक दगडी बाक तेथे आहे. प्रवेशाशी जमिनीवर त्यांचे निरपराधित्वाचे उद्गार कोरले आहेत. ते वाक्याच्या मध्येच भिंतीखाली लुप्त होतात. आरास पाहायला आलेल्या कुटुंबाने मुलांना तेथे घटकाभर थांबवावे.

त्यापुढची हकिकत जैन मनाला विशेष भिडणारी आहे. 1697 च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्सच्या शासनाने या पापाबद्दल उपवासाचा आणि आत्मपरीक्षणाचा दिवस पाळला. त्या दिवशी न्यायाधीशांपैकी सॅम्युअल सेवॉल हे बोस्टनच्या प्रार्थनामंदिरात भरसभेत उभे राहिले. त्यांचा कबुलीजबाब धर्मोपदेशकाने वाचून दाखवला. त्यात त्यांनी दोष स्वतःकडे घेऊन क्षमा मागितली होती. पर्युषणात उपवास आणि प्रतिक्रमण पाहणाऱ्या मुलांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. दोषी ठरवलेल्या एका स्त्रीवरचा कलंक मात्र पुसायचा राहून गेला होता. आठवीतील शाळकरी मुलांनी तिची बाजू लावून धरली, आणि 2022 साली विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवले.

जैन परंपरेने अभयदानाला दानांत श्रेष्ठ मानले आहे. खोट्या जाळ्यात अडकू पाहणारा पक्षी, अंधारात आईचा हात घट्ट धरणारे बालक आणि गैरसमजाने दूर लोटला गेलेला शेजारी, या तिघांनाही त्याची गरज असते. आरास पाहून परतताना मुलांशी एवढे बोलणे झाले, तरी ती संध्याकाळ सत्कारणी लागली.