वशिला वेगळा, ओळख वेगळी



गाडी काट्याच्या रांगेत उभी असली की बोलणे उसावरून सुरू होते आणि घरच्या पोराच्या नोकरीवर येऊन थांबते. पोराने डिप्लोमा केला, पोरगी बी.एस्सी. झाली, पुढे काय? "भाऊ, वशिला लागते. आपली कोनाशी ओयख नाही!" या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण वशिला आणि ओळख यांची गल्लत होते आणि पोराची उमेदीची वर्षे कोणाच्या तरी ओसरीवर बसण्यात जातात. वशिला म्हणजे आपल्यासाठी दुसऱ्याने शब्द टाकणे. ओळख म्हणजे आपले काम दुसऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असणे.

आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीचेच पाहा ना. तेथे ग्रामोद्योगाचा कारभार पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे मूळचे तंजावरचे. लंडनला हिशेबतपासणी शिकले, मुंबईत धंदा केला, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. आपले लिखाण छापून यावे म्हणून १९२९ साली ते साबरमतीला गांधीजींना भेटले. गांधीजींनी लिखाण 'यंग इंडिया'त घेतले, पण सोबत कामही पुढे केले: खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. कुमारप्पांना गुजराती येत नव्हते. गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी सोबत घेऊन त्यांनी खेड्यापाड्यांतला जमाखर्च कागदावर आणला. पुढे डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा त्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. शिफारसपत्र म्हणाल तर मातरची ती पाहणी!

या संघाच्या सल्लागारांत रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बोस, सी. व्ही. रामन अशी माणसे होती. त्यांच्याकडे पैसा मागितला नव्हता, ज्ञान मागितले होते. प्रश्न नेमका असला तर मोठा माणूस वेळ काढतो. "माझ्यासाठी काहीतरी बघा" म्हटले की तोही घड्याळाकडे बघतो.

साखरधंद्यात तर प्रवरेची गोष्ट आहेच. विठ्ठलराव विखे पाटलांची शाळा बेताचीच, धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकलेले. १९४५ साली बेलापूरला बागायतदारांची परिषद भरली, अध्यक्ष गाडगीळ. सहकारी कारखान्याचा विचार तेथे जोर धरू लागला. विखे पाटील परिषदेनंतर घरी बसले नाहीत. गावोगाव फिरून भाग गोळा करीत राहिले. १९५०-५१ ला लोणीला पहिला गळीत हंगाम झाला. गाडगीळ अध्यक्ष, विखे पाटील उपाध्यक्ष. एकाकडे शास्त्र, दुसऱ्याकडे शेतकऱ्याचा विश्वास. दोघांनाही एकमेकांची गरज होती, म्हणून ओळख टिकली.

आता आपल्या पोरांचे. साखर रसायनाकडे किंवा यंत्राकडे जायचे असेल तर नुसता अर्ज खिशात घालून चीफ केमिस्टकडे जाऊ नये; तेही ऐन हंगामात तर नाहीच, तेव्हा त्यांना जेवायला फुरसत नसते. मृग लागल्यावर यंत्रे दुरुस्तीला उघडलेली असतात. तेव्हा विनंती करून गेले तर पॅन, सेंट्रिफ्यूगल आतून बघायला मिळतात. शेतीकडे ओढा असेल तर सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे. जाताना आपल्या खोडव्याची नोंद, माती परीक्षणाचा कागद सोबत असावा, म्हणजे बोलायला विषय राहतो. सोबत शिकलेल्या दोस्तांनाही धरून ठेवावे. जागा निघाल्याची खबर साहेबाआधी त्यांनाच लागते, हा अनुभव कोणाला नाही?

बहुतेक पोरे एका ठिकाणी कमी पडतात. सल्ला घेतात आणि परत तोंड दाखवत नाहीत. सांगितलेली खताची मात्रा दिली, फुटवे किती आले, की काहीच फरक पडला नाही, हे महिनाभराने जाऊन सांगावे. फरक पडला नसेल तर अवश्य सांगावे. अधिकाऱ्याला ते ऐकायचेच असते, आणि असे सांगणारा पोरगा त्याच्या नावानिशी लक्षात राहतो.