हिंडनचा मुहूर्त

आठ ऑक्टोबर जवळ आला की गाझियाबादकरांना हवाई दलाकडून एक आवाहन केलं जाई: उघड्यावर अन्न टाकू नका, मेलेलं जनावर दिसलं तर लगेच कळवा. खरकट्यावर आणि मेलेल्या जनावरावर घारी जमतात, आणि कमी उंचीवरून जाणाऱ्या विमानाच्या इंजिनात एखादी घार शिरली तर वैमानिकाचा जीव धोक्यात येतो. हवाई दल दिनाचं मुख्य संचलन २०२१ पर्यंत अनेक वर्षं इथल्या हिंडन तळावर होत होतं. २०२१चं संचलन हे हवाईदल प्रमुख म्हणून नांदेडच्या विवेक राम चौधरी यांचं पहिलं. पुढे चंडीगड, प्रयागराज, चेन्नई असा त्याचा मुक्काम हलत गेला.

त्या आवाहनातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे गावांची यादी. विमानं कमी उंचीवरून कुठून कुठून येणार ते त्यात दिलेलं असे. शामली, जिवाना, चांदीनगर, हिंडन. हापूड, पिलखुवा, गाझियाबाद, हिंडन. दिल्लीच्या बाजूने वजीरपूर पूल, करावल नगर, अफजलपूर, हिंडन. वाचणाऱ्याला ती नुसती गावांची नावं. पण हवाई मोहीम कशी आखतात हे समजून घ्यायचं असेल तर याहून सोपा धडा सापडायचा नाही.

हापूड ते हिंडन हे अंतर सरळ रेषेत साधारण ४० किलोमीटर. ताशी २०० किलोमीटरने येणाऱ्या हेलिकॉप्टरला त्यासाठी १२ मिनिटं लागतात, ताशी ८०० किलोमीटरने येणाऱ्या लढाऊ विमानाला ३. म्हणजे दोघांना मंचासमोरून एकापाठोपाठ जायचं असेल, तर हेलिकॉप्टर हापूडवर असताना ते लढाऊ विमान हिंडनपासून दीडशे किलोमीटरहून दूर असायला हवं. दोघांचे तळ वेगळे, उड्डाणाच्या वेळा वेगळ्या, वाटेतला वारा वेगळा. जमिनीवर मात्र प्रेक्षक फक्त मान वळवतो आणि त्याला दुसरं विमान दिसतं.

आपल्याकडे लग्न ठरलं की आधी मुहूर्त काढतात. सकाळी ११ वाजून ४२ मिनिटं हे एकदा पक्कं झालं की मग सगळं मागे मोजत यायचं: मंगलाष्टकं किती वाजता सुरू करायची, नवरी मंडपात कधी यायची, गावाहून येणारी गाडी किती वाजता निघायची, आचाऱ्याने चूल कधी पेटवायची. हवाई मोहीम अगदी अशीच शेवटून आखतात. आधी लक्ष्यावर पोहोचण्याची वेळ ठरते. वैमानिक तिला ‘टाइम ऑन टार्गेट’ म्हणतात. तिथून मागे येत शेवटच्या टप्प्याचा आरंभबिंदू, त्याआधी सगळ्यांनी एकत्र जमायची जागा, त्याआधी उड्डाण, त्याआधी इंजिन चालू करणं आणि सगळ्यात आधी ब्रीफिंग. ब्रीफिंगमध्ये एकाने ‘हॅक’ म्हणायचं आणि सगळ्यांनी त्या क्षणी घड्याळं सेकंदासकट जुळवायची. पूर्वी मांडवात घटिकापात्र पाण्यात सोडून त्याच्याकडे डोळे लावून बसणारा माणूस असे. त्याचं काम आता मनगटावर आलं आहे.

संचलनात सगळ्यांची भूमिका एकच असते, दिसण्याची. खऱ्या मोहिमेत ती प्रत्येकाची निराळी असते. २६ फेब्रुवारी २०१९च्या पहाटे बालाकोटवर गेलेल्या ग्वाल्हेरच्या मिराज-२००० विमानांकडे बॉम्ब होते. पण त्यांच्या पाठीशी रक्षणासाठी सुखोई-३० होती, दूरवरची हालचाल टिपणारं रडारवाहू विमान होतं, हवेत इंधन देणारी विमानं होती. अशा गटाला ‘पॅकेज’ म्हणतात. शत्रूचं रडार दाबून ठेवणाऱ्याने आधी पोहोचायचं, बॉम्ब टाकणाऱ्याने मग, आणि पहारा देणाऱ्याने सगळ्यांत शेवटी परतायचं. यातल्या कुणाचंही काम एकट्यापुरतं पाहिलं तर पुरतं कळत नाही. पहारेकऱ्याने एकही क्षेपणास्त्र न सोडता रिकाम्या आकाशात तासभर घिरट्या घातल्या असतील, तर त्याचं काम चोख झालं.

ही शिस्त हौसेखातर शिकणारी माणसंही आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. फाल्कन ४.० हा एफ-१६चा सिम्युलेटर १९९८ साली आला. हौशी मंडळींनी त्यावर केलेली सुधारणा आजही उडवली जाते. अलीकडचा डीसीएस वर्ल्डही तसाच. घरच्या संगणकावर, हातात जॉयस्टिक आणि कानावर हेडफोन, वेगवेगळ्या शहरांतले दहा-बारा जण ठरलेल्या रात्री एकत्र येतात. दोघे पहाऱ्यावर, दोघे रडारविरोधी क्षेपणास्त्रं घेऊन, चौघे बॉम्ब घेऊन, एक जण रडारवर बसून सगळ्यांना दिशा सांगणारा. मोहीम आखणाऱ्याने आधीचे कितीतरी दिवस नकाशावर घालवलेले असतात.

या गटांमध्ये नवख्यांची चूक बहुधा ठरलेली. बॉम्बवाला उत्साहात दोन मिनिटं लवकर पोहोचतो, त्याची वाट मोकळी करणारा अजून मागेच असतो, आणि जमिनीवरची क्षेपणास्त्रं जागीच असतात. दुसरी चूक इंधनाची. परतायला १,५०० किलो लागणार आणि ५०० किलो राखीव ठेवायचं, तर काटा २,००० वर आला की हातातलं काम टाकून वळायचं. या आकड्याला ‘बिंगो’ म्हणतात. तो जमिनीवर, शांत डोक्याने काढून गुडघ्यावरच्या कागदावर लिहायचा असतो, कारण झटापटीच्या ऐन भरात ‘आणखी एक फेरी’ म्हणणारं मन कुणाचं ऐकत नाही. घरच्या खुर्चीवर शरीराचं वजन सातपट होत नाही, जिवाची भीती नसते. वेळेचं आणि इंधनाचं गणित मात्र तेच असतं, आणि चुकलं की तसंच चुकतं.

हिंडनवरचा सिम्युलेटर ही या सगळ्याची मोठी बहीण. हिंडन नदीचं नाव घेतलेल्या या तळावर ७७ क्रमांकाचं स्क्वाड्रन आहे, ‘व्हेल्ड व्हायपर्स’. त्याची सी-१३०जे सुपर हर्क्युलिस विमानं ५ फेब्रुवारी २०११ रोजी इथेच हवाई दलात दाखल झाली. तेव्हा नागपूरचे प्रदीप वसंत नाईक हवाईदल प्रमुख होते. याच विमानाचा पूर्ण मोहिमेचा सराव देणारा सिम्युलेटर तळावर आहे. शेजारचं ८१ क्रमांकाचं स्क्वाड्रन, ‘स्कायलॉर्ड्स’, सी-१७ ग्लोबमास्टरचं. पहिलं सी-१७ जून २०१३ मध्ये हिंडनला उतरलं. सुमारे ७७ टन माल उचलणारं हे विमान हजार-अकराशे मीटरच्या पट्टीवरही उतरू शकतं. त्याचा सिम्युलेटर गुरुग्रामला आहे.

मालवाहू विमानं म्हटली की आपण ट्रक डोळ्यांसमोर आणतो. हा मोठा गैरसमज आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ६ वाजून ५४ मिनिटांनी ग्रुप कॅप्टन तेजबीर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी-१३०जे लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला उतरवलं. उंची १६,६१४ फूट. तिथल्या विरळ हवेत पंखाला उचल कमी, इंजिनाला दम कमी आणि जमिनीवरून धावण्याचा वेग मात्र जास्त. सकाळच्या थंड हवेत हे सगळं थोडं सुसह्य होतं. दुपारची तीच पट्टी वैमानिकाच्या दृष्टीने आणखी आखूड झालेली असते. म्हणून घड्याळ इथेही आधी येतं.

आणि या आखणीची किंमत हिंडनने मोजलेली आहे. २८ मार्च २०१४ रोजी आग्र्याहून निघालेलं इथलं एक सी-१३०जे ग्वाल्हेरजवळ कोसळलं आणि पाच जण गेले. दोन विमानांनी एकत्र, कमी उंचीवरून जाण्याचा तो सराव होता. चौकशीनंतर जे कारण पुढे आलं ते पुढच्या विमानामागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्याचं. दोन विमानांमध्ये किती अंतर ठेवायचं हा आकडा कागदावर छोटासा दिसतो. हे पाच जण आठवले की तो तसा दिसत नाही.

सुदानमध्ये २०२३च्या एप्रिलमध्ये लढाई पेटली तेव्हा, २७ आणि २८ तारखांच्या मधल्या रात्री, तिथे अडकलेल्यांना आणायला हवाई दलाचं एक सी-१३०जे खार्टूमच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर वाडी सेदना इथे उतरलं. पट्टी खराब झालेली, दिवे नाहीत, दिशादर्शक यंत्रणा नाही, इंधन मिळण्याची सोय नाही. वैमानिकांनी आधी विमानातल्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पट्टीवर काही अडथळा नाही ना ते पाहिलं, मग रात्रीच्या चष्म्यांतून उतरले. खाली इंजिनं बंद केलीच नाहीत. हवाई दलाच्या आठ गरुड कमांडोंनी माणसं आणि सामान आत घेतलं, आणि १२१ जण जेद्दाकडे निघाले. त्यांत एक गरोदर बाईही होती. इथे शत्रूवर काही टाकायचं नव्हतं, पण आखणीची रीत हीच होती. इंजिनं चालू ठेवायची म्हणजे जमिनीवरचं प्रत्येक मिनिट परतीच्या इंधनातून कापलं जातं. तोही हिशेब जेद्दा सोडण्याआधीच झालेला असणार.

माझ्या मते या सगळ्या मोहिमांत देखणी आहे ती २०२४च्या मार्चमधली. माल्टाच्या झेंड्याखालचं ‘रुएन’ हे जहाज सोमाली चाच्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये पळवलं होतं. तीन महिन्यांनी ते त्याच जहाजावरून दुसरी जहाजं लुटायला बाहेर पडले. नौदलाच्या आयएनएस कोलकाताने त्यांना गाठलं. जहाजावर १७ खलाशी ओलीस होते, त्यामुळे तोफा मनासारख्या चालवता येत नव्हत्या. वरून नौदलाचं पी-८आय विमान आणि ड्रोन नजर ठेवून होते, आयएनएस सुभद्रा मदतीला येत होती. हवी होती ती नौदलाच्याच मार्कोस कमांडोंची कुमक आणि त्यांच्या होड्या, आणि ठिकाण भारताच्या किनाऱ्यापासून २,६०० किलोमीटर दूर.

ते काम हवाई दलाच्या सी-१७ला दिलं गेलं. ताशी ८०० किलोमीटर धरले तरी किनाऱ्यापासून तिथवर सव्वातीन तास. जाऊन-येऊन विमान जवळजवळ १० तास हवेत होतं. पोहोचल्यावर खरी कसोटी. एवढं अवजड विमान पाण्यावर कमी उंचीला आणायचं, वेग तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरवायचा आणि मागचा दरवाजा उघडून दोन रबरी होड्या आणि माणसं सोडायची. छत्री सेकंदाला सहा मीटरने खाली येत असेल तर ३०० मीटरवरून पाण्याला टेकायला ५० सेकंद. वारा सेकंदाला दहा मीटरचा असेल तर तेवढ्यात ती अर्धा किलोमीटर वाहून जाते. म्हणून सोडण्याची जागा वाऱ्याच्या दिशेने तितकी अलीकडे धरायची. होड्या आणि माणसं एकमेकांच्या आटोक्यात पडली पाहिजेत, चाच्यांच्या बंदुकीच्या टप्प्याबाहेर पडली पाहिजेत, आणि आपली युद्धनौका जवळ हवी. एकाच दलाच्या भाषेत वाढलेली माणसं नाहीत ही. नौदल आणि हवाई दल, दोन वेगळी घराणी. तरी एक मुहूर्त दोघांनी पाळला.

१६ मार्चला, सुमारे ४० तासांच्या कारवाईनंतर, सगळे ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप बाहेर आले. त्यांच्यापैकी कुणालाही इजा झाली नाही. सी-१७चे वैमानिक त्याआधीच परतीच्या वाटेला लागले होते. २३ मार्चला आयएनएस कोलकाता त्या चाच्यांना घेऊन मुंबईला आली आणि त्यांना मुंबई पोलिसांच्या ताब्यात देण्यात आलं.