चार सेंटिमीटरचा पट्टा

कॅन्सरमुळे प्रोस्टेट काढल्यावर ज्यांची लघवी गळते, त्यांना आम्ही मूत्ररोगतज्ज्ञ पहिला प्रश्न विचारतो, दिवसाला किती पॅड लागतात? जव्हार-मोखाड्याकडच्या बाबांना तो विचारून उपयोग नसतो. तिथे जुन्या धोतराच्या नाहीतर लुंगीच्या घड्या वापरतात. म्हणून मी विचारतो, दिवसातून किती फडकी बदलता आणि ती धुतं कोण? पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळणाऱ्या या डोंगरात एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन विहिरी गाठतात. फडकी त्याच पाण्यात धुवायची. मग बाबा पाणी पिणंच कमी करतात, एसटीत बसायचं टाळतात, लग्नकार्याला जात नाहीत.

प्रोस्टेट निघाली की मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला आवळणारा स्नायूही जातो. उरतो तो खालचा एक स्नायू. तो दुबळा झाला असेल, तर मोळी उचलली, खोकला आला, आवणीला वाकलं की लघवी गळते. पहिले काही महिने तो स्नायू आवळण्याचा व्यायाम करायचा. बहुतेकांचं गळणं वर्षभरात पुष्कळ कमी होतं, त्यामुळे शस्त्रक्रियेची घाई मी करत नाही. त्यानंतरही थोडं गळत राहिलं तर मूत्रमार्गाला आधार देणारी जाळीची पट्टी बसवता येते. खूप गळत असेल तर कृत्रिम झडप. ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पहिल्यांदा बसवली. आज वापरतात तो नमुना १९८३ पासूनचा.

शस्त्रक्रियेत अंडकोशाच्या मागे छेद घेऊन मूत्रमार्ग सगळ्या बाजूंनी मोकळा करतात. मागची बाजू सोडवताना हात आपोआप मंदावतो, कारण तिथे भोक पडलं तर त्या दिवशी पट्टा बसवता येत नाही. मग फितीने घेर मोजायचा. बहुधा चार, साडेचार सेंटिमीटर. तेवढ्या मापाचा, रक्तदाब मोजायच्या पट्ट्यासारखा फुगणारा एक छोटा पट्टा मूत्रमार्गाभोवती गुंडाळतात. ओटीपोटात एक फुगा आणि अंडकोशात बोटाच्या पेराएवढा पंप. तिन्ही भाग बारीक नळ्यांनी जोडायचे, आत सलाइन भरायचं. हवेचा एक बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही. नळ्यांवर उघड्या धातूचा चिमटा लावायचा नाही, त्याच्या दातांना रबर घातलेलं हवं. शेवटी पट्टा रिकामा करून ठेवायचा, झडप लगेच सुरू करायची नाही. जखम भरेपर्यंत, साधारण सहा आठवडे, गळणं तसंच चालू राहतं. हे आधी नीट सांगितलं नाही तर शस्त्रक्रिया फसली असंच घरच्यांना वाटतं.

सहा आठवड्यांनी झडप सुरू करायची. "बाबा, गाठ लागली का हाताला?" नांगर-कोयत्याने घट्टे पडलेल्या बोटांना पंपाची ती मऊ गाठ चटकन कळत नाही, म्हणून आरामात बसवून शिकवावं लागतं. ती दोन-तीनदा दाबली की पट्ट्यातलं पाणी फुग्यात जातं आणि लघवी होते. दोन-तीन मिनिटांत पट्टा आपोआप पुन्हा भरतो.

या यंत्राची किंमत लाखांत आहे, त्यामुळे मोखाड्यातले फार थोडे शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचतात. मला ते बोचतं. जे पोचतात त्यांची काळजी गावी परतल्यावर सुरू होते. साप चावला, ताप चढला, माणूस बेशुद्ध झाला, तर मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जव्हारच्या पतंगशहा रुग्णालयात नेतील. तिथे नेहमीप्रमाणे लघवीची नळी घालतील. बंद पट्ट्यातून नळी रेटली तर मूत्रमार्ग जखमी होतो. जखमेतून पट्टा आत घुसला, तर सगळं यंत्र काढावं लागतं. आधी पंप दाबून पट्टा रिकामा करायचा, पंपावरचं बटण दाबून तो तसाच ठेवायचा आणि मगच बारीक नळी घालायची. एवढं मी मराठीत ठळक अक्षरांत कार्डावर लिहून देतो. एक बाबांच्या खिशात, दुसरं आजींकडे. बेशुद्ध माणसाच्या आजाराची माहिती सिस्टर घरच्यांनाच विचारते.