साठाच्या रस्त्यावरची सेडान

आमच्या गावी देवस्थानच्या आंब्यांचा दरसाल हर्रास होतो. बोली कोण चढवतो, कोण ऐन वेळी खोकून इशारा करतो, हे बघायला आम्ही पोरं पारावर बसायचो. हर्रास हा शब्द मूळचा कुठला, याचा पत्ता मला थेट रियाधमध्ये लागला, २०१४ च्या जानेवारीत. शहराच्या पूर्व अंगाला जुन्या गाड्यांचा बाजार भरायचा, त्याला सगळे हराज म्हणत. तीच बोली, तेच खोकणं, फक्त आंब्यांच्या जागी गाड्या.

मी गेलो होतो शेव्हरोलेट ल्युमिना एसएस बघायला. आठ सिलिंडरची, सहा लिटरची, मागच्या चाकांवर जोर असणारी सेडान. कॉलेजात असताना अप्पा बळवंत चौकातून जुनी परदेशी मोटार-मासिकं किलोवर आणून मी ती पाठ केली होती. आपल्याकडे अशी गाडी चालवणं सोडाच, नुसती बघायची तरी कोणा बिल्डरच्या लग्नाचं आमंत्रण लागायचं. रियाधमध्ये मात्र नोकरदार इंजिनिअरला ती वापरलेली परवडत होती. पेट्रोल होतं ४५ हलाला लिटर, म्हणजे आपले सात-साडेसात रुपये. मोह होणारच.

माझ्यासोबत रत्नागिरीकडचे एक गृहस्थ होते, वीस-बावीस वर्षं रियाधमध्ये काढलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही. चाचांनी बॉनेट उघडायच्या आधी इस्तिमारा, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, माझ्या हातात दिलं. "भाऊ, चॅसिस नंबर बघा." पहिला आकडा ६. जगभरच्या मोटारींत ६ हा ऑस्ट्रेलियाचा आकडा.

हे मला वाचून ठाऊक होतं, तरी समोर बघताना गंमत वाटली. ल्युमिना ही नावापुरती शेव्हरोलेट. मूळची ती होल्डन कमोडोर, अ‍ॅडलेडजवळच्या एलिझाबेथ कारखान्यातली. स्टिअरिंग डावीकडे घ्यायचं, नाकावर शेव्हरोलेटचं चिन्ह ठोकायचं आणि आखातात पाठवायची, असा उद्योग होल्डनने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चालवला होता. होल्डन कंपनी १८५६ साली अ‍ॅडलेडमध्ये सुरू झाली ती घोड्यांची खोगिरं बनवायला. खोगीरवाल्यांनी अरबस्तानाला वाहन विकावं, हे मला भलतंच आवडलं.

शुक्रवारची सकाळ होती. रियाधचे रस्ते शुक्रवारी सकाळी असतात तितके रिकामे मी आपल्याकडे फक्त कर्फ्यूत पाहिलेत. चावी फिरवली. आठ सिलिंडरचा आवाज कानाआधी बुडाखाली कळतो. मंद, जाड, थोडा अडखळता, जणू कोणी तळघरात जातं फिरवतंय. हँडब्रेक सोडताना बोटाची कातडी चिमटली. या पिढीच्या कमोडोरचा हँडब्रेक मधल्या कन्सोलच्या कडेला सपाट बसवलेला असतो. डावं-उजवं दोन्ही स्टिअरिंगांना एकच साचा चालावा म्हणून ही युक्ती. हजारो मैल दूरच्या गिऱ्हाइकासाठी वाचवलेल्या पैशांचा चिमटा मला बसला.

आणि गाडी? पाय दाबला की पाठ सीटला चिकटते, हे खरं. पावणेदोन टनांचं धूड एवढ्या तातडीने निघतं की पहिल्यांदा हसूच फुटतं. ऑस्ट्रेलियात हेच इंजिन २७० किलोवॉट, म्हणजे ३६० च्या वर अश्वशक्ती देत असे. पण तीनेक मिनिटांतच माझी पंचाईत झाली. गाडीची परीक्षा घ्यायची तर वळण हवं. रियाधमध्ये वळणच नाही! रस्ता सरळ, पुढचा त्याहून सरळ. डावीकडे जायचं असेल तर दोन किलोमीटर पुढे जाऊन यू-टर्न मारून परत यायचं. स्टिअरिंग कसं आहे, मागचा भाग कधी सुटतो, ब्रेकवर नाक किती खाली जातं, हे सगळं मी यू-टर्नवर तपासलं. म्हणजे काहीच तपासलं नाही. त्यात २०१० पासून साहेर नावाची कॅमेऱ्यांची व्यवस्था आलेली, तिचा झोत केव्हा डोळ्यावर पडेल सांगता येत नाही.

चाचा शांत बसले होते. परत आल्यावर ते खाली उतरले, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि मला खूण केली. मागचे दोन्ही टायर कोरे करकरीत, पुढचे दोन्ही चार वर्षांचे. त्यांनी चाकावरच्या कमानीच्या आत बोटं फिरवून बाहेर काढली. रबराचे काळे, चिकट, शेवयांसारखे धागे. "पोरगा चालवत होता," चाचा म्हणाले. "बाप विकतोय."

त्या धाग्यांनी मला तफहीतच्या विषयात ओढलं. गाडी मी घेतली नाही.

तफहीत हा शब्द वाचकांनी ऐकला नसेल, पण व्हिडिओ बहुतेकांनी पाहिले असतील: रुंद रस्ता, शे-दीडशेच्या वेगात आडवी घसरत जाणारी मोटार, कडेला पोरांची भिंत. ब्रिटिश गायिका एम. आय. ए. हिच्या 'बॅड गर्ल्स'च्या २०१२ च्या चित्रफितीत तेच दिसतं, फक्त चित्रीकरण मोरोक्कोतलं. माझी समजूत होती की हे काम ल्युमिनासारख्या तगड्या गाड्यांचं. ती साफ चुकीची निघाली. तफहीतच्या दंतकथा घडल्या त्या कॅमरी, अ‍ॅकॉर्ड, सोनाटा असल्या गाड्यांवर. आपल्याकडे ज्या गाडीतून साहेब ऑफिसला जातात, ती. शिवाय पुढच्या चाकांवर जोर असलेली, म्हणजे घसरवायला मुळात नालायक. मागच्या चाकांना जोर असेल तर पायाने शेपटी सुटते. इथे ती सोडवावी लागते: वेगात असताना स्टिअरिंगला एक हिसका, हँडब्रेक ओढून मागची चाकं क्षणभर जाम, शेपटी बाहेर; आणि मग पुढची चाकं त्या घसरणाऱ्या गाडीला ओढत नेतात. चूक सावरायला जागा नाही. मग हीच गाडी का? कारण ती भाड्याने मिळते, चोरायला सोपी आणि रस्त्यात सगळीकडे तीच. ल्युमिना बापाची असते.

यावर एक अख्खं पुस्तक आहे, पास्कल मेनोरे या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाचं, केंब्रिजने २०१४ सालीच काढलेलं. नावाचा अर्थ साधारण 'रियाधमधली उनाड सफर' असा. हा माणूस मूळ वेगळ्याच विषयावर संशोधन करायला रियाधला गेला होता. रात्री पोरांच्या गाड्यांतून हिंडता हिंडता विषय बदलला. त्याने पोरांच्या तोंडचा एक शब्द उचललाय, तुफूश. कंटाळा, पण साधा नव्हे. हातात काही नाही, जायला कुठे नाही, यातून येणारी चिडकी तगमग. तेव्हा सिनेमाघरं नव्हती, मुलींशी बोलायची सोय नव्हती, कुटुंब सोबत नसलेल्या पोरांना मॉलच्या दारातून परत पाठवायचे. उरायचा रस्ता. मेनोरे त्याला बंड म्हणतो. मला हे अर्धंच पटतं. कडेला उभं राहून बघणारी पोरंही या खेळात मेली आहेत, त्यांनी कोणतं बंड केलं होतं? पण पुस्तकातल्या एका माणसाने मला पछाडलं, आणि तो ना अरब ना ड्रायव्हर.

त्याचं नाव कॉन्स्टन्टिनोस डॉक्सिआडिस. जन्म १९१३, ग्रीक नगररचनाकार. इस्लामाबाद त्याने आखलं. १९६८ मध्ये सौदी सरकारने रियाधचा आराखडा त्याच्या कंपनीकडे सोपवला. तेव्हा रियाध तीन लाखांच्या आसपासचं गाव होतं, मातीची तटबंदी पाडून जेमतेम दोन दशकं झालेली. डॉक्सिआडिसने वाळवंटावर चौकटी ओढल्या, दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटर. ल्युमिनात बसून मी जो यू-टर्न शोधत होतो, तो या माणसाच्या पट्टीने मोजलेला होता.

त्याच्यावर राग काढणं सोपं आहे, आणि मी काही महिने तो काढला. मग त्याचे विचार वाचले तेव्हा चरफडलो. मोटार चौकटीच्या बाहेरून जावी, आत माणसांनी चालावं, शाळा-मशीद-दुकान पायी गाठता यावं, असं त्याच्या मनात होतं. चौकट तेवढी आली, आतलं चालणं आलंच नाही. त्याच्या आराखड्यात इ.स. २००० साठी १४ लाख वस्ती धरली होती. रियाधने तो आकडा ऐंशीच्या दशकातच मागे टाकला. आज ७० लाखांच्या वर लोक तिथे राहतात. डॉक्सिआडिस १९७५ मध्ये वारला, तेलाचा पैसा नुकता कुठे ओतू लागला होता.

त्या पैशाने रस्ते आले, घरांच्या कितीतरी आधी. जमिनीचे तुकडे पाडून विकायचे तर आधी डांबर आणि दिव्याचे खांब हवेत. मग जमीन भाव चढेपर्यंत पडून राहायची. डांबर आहे, दिवे आहेत, माणूस नाही: तफहीतला यापेक्षा चांगलं मैदान कोण बांधून देईल? अशा पडीक जागांवर सरकारने २०१६ पासून अडीच टक्के कर लावला, तो घरांच्या टंचाईसाठी. मला वाटतं, त्याने पोरांचे प्राणही थोडेफार वाचले असतील. आणि रस्त्यांची नावं! जुन्या वस्त्यांत लोक अजून रुंदीवरून पत्ता सांगतात. सित्तीन, म्हणजे साठ मीटरचा. अरबईन, चाळीसचा. तलातीन, तीसचा. आपल्याकडे रस्त्याला माणसाचं नाव देतात आणि रुंदी खातात.

नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर, वाशी ते बेलापूर, शनिवारी रात्री जे चालतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मी फार लांबचं काही सांगत नाहीये. तेही आखीव शहर, तोही सरळ रस्ता.

पुढचं झपाट्याने सांगतो. २०१६ मध्ये तफहीतचा दंड पहिल्या खेपेला २०,००० रियाल झाला, दुसऱ्याला ४०,०००, तिसऱ्याला ६०,०००. २४ जून २०१८ ला बायकांना स्टिअरिंग मिळालं. रियाधच्याच रस्त्यावर १९९० च्या नोव्हेंबरात ४७ जणींनी गाड्या चालवून नोकऱ्या आणि पासपोर्ट गमावले होते. त्यांच्या धाडसापुढे तफहीतवाल्या पोरांचं शौर्य मला पोरकटच वाटतं. २०२१ पासून जेद्दाच्या किनाऱ्यावर फॉर्म्युला वन धावते. सौदीच्या सरकारी निधीने ल्युसिड ही अमेरिकन कंपनी जवळजवळ ताब्यात घेतली. २०२३ पासून लाल समुद्राकाठी तिच्या विजेवरच्या सेडानची जुळणी होते. तिच्यातली सर्वांत तेज १,२३४ अश्वशक्तीची. बसलो नाही. यू-टर्नवर तिचं काय दिव्य कळणार?

खरं वळण मला एकदाच मिळालं. जेद्दाहून ताइफला जाताना मक्केच्या अलीकडे फाटा फुटतो, वर पाटी: फक्त मुस्लिमांसाठी. चाचा असते तर सरळ गेले असते, मी बगलरस्त्याने गेलो. पुढे हदाचा घाट लागतो, आपला वरंधा कोणी रुंद करून भाजून काढावा तसा. कठड्यावर माकडांच्या झुंडी बसलेल्या, केळ्याच्या आशेने. तिथे माझ्या हातात ल्युमिना नव्हती. पांढरी कॅमरी होती, त्याच हराजातून घेतलेली.

ती घेतल्यापासून वेगात मागून आवाज यायचा, धप-धप-धप, रेल्वेच्या सांध्यांसारखा. सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, मल्लू मेकॅनिकने गाडी उचलली, मागचं चाक हाताने हळू फिरवलं आणि एका ठिकाणी थांबवलं. टायरवर तळहाताएवढा सपाट चट्टा. दुसऱ्या चाकावरही तसाच. धावत्या गाडीची मागची चाकं कोणीतरी वारंवार जाम केली होती. तो हसला. "साब, ये गाडी बहुत नाची है."

चट्टेवाले टायर उतरवले जात असताना मी तिचा इस्तिमारा पहिल्यांदा नीट वाचला. चॅसिस नंबरचा पहिला आकडा ६. मेलबर्नजवळच्या आल्टोना कारखान्यातली. टोयोटाने तो ३ ऑक्टोबर २०१७ ला बंद केला. १७ दिवसांनी एलिझाबेथचा होल्डनचाही बंद झाला. चाचांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "मग त्या ल्युमिनाची बहीणच की हो, भाऊ."