रक्तवाहिन्यांविना जगलेली गाठ

शस्त्रक्रियेत काढलेली कर्करोगाची गाठ प्रयोगशाळेत जिवंत ठेवायची, तर ऊब, साखर, क्षार देता येतात. अडते ते प्राणवायूपाशी. तो पेशींच्या थरातून जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर आत झिरपतो. जाड तुकडा पोषक द्रवात ठेवला, तर बाहेरून तो ताजा दिसतो आणि आतून मेलेला असतो.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी नौदलात असलेले तरुण शल्यविशारद जुडा फोकमन कर्करोगावर काम करत नव्हते. ते रक्ताला पर्याय शोधत होते. फ्रेडरिक बेकर यांच्यासह त्यांनी सशाची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर काढून तिच्या रक्तवाहिन्यांतून हिमोग्लोबिनचे द्रावण खेळते ठेवले. ग्रंथी जगली. मग त्यांनी तिच्यात उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी धरल्या, पण एक-दोन मिलिमीटरपर्यंत पोहोचून थबकल्या. त्या मेल्या असतील असेच कुणालाही वाटले असते. पण त्याच गाठी जिवंत उंदरात रोवल्यावर फोफावल्या! उंदराच्या शरीरात त्यांच्याभोवती नव्या केशवाहिन्या फुटल्या. सुट्या ग्रंथीत त्या फुटल्याच नव्हत्या.

नव्या रक्तवाहिन्या अडवल्या तर गाठ वाढणार नाही, हे फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले. अनेक वर्षे ते फारसे कुणाला पटले नाही. याच वाटेवरचे बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर व्हायला २००४ उजाडले.

आज बहुतेक प्रयोगशाळा प्राणवायूची अडचण गाठीला लहान करून सोडवतात. ताज्या गाठीचे सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीचे काप काढले, की ते काही दिवस टिकतात. त्यांत गाठीची मूळ रचनाही शाबूत असते. दुसरी पद्धत ऑर्गनॉइडची, म्हणजे पेशींपासून वाढवलेल्या, अवयवासारख्या इवल्या रचनांची. तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी २००९ मध्ये उंदराच्या आतड्यातील मूलपेशींपासून अशा रचना वाढवल्या. पुढे रुग्णांच्या गाठींपासूनही त्या होऊ लागल्या आणि महिनोन्‌महिने जगू लागल्या. त्यांना आधार देणारे मॅट्रिजेल हे उंदराच्याच एका गाठीपासून मिळते.

ऑर्गनॉइडमुळे एकाच रुग्णाच्या पेशींवर अनेक औषधे तपासता येतात, हे मोठेच यश आहे. पण त्यात साधारणपणे रक्तवाहिन्या नसतात, रोगप्रतिकारक पेशीही उरत नाहीत. बेव्हॅसिझुमॅबसारख्या औषधाला तिथे अडवायला काहीच सापडणार नाही. म्हणून ‘प्रयोगशाळेत कर्करोग नष्ट’ अशी बातमी वाचाल, तेव्हा ती गाठ कशात आणि कशाविना जगवली होती, एवढे जरूर शोधा.