झाडांची छत्री

मैत्रिणींनो, मे महिन्यात बाहेर पडायचं म्हटलं की आपण डोक्यावरून पदर घेतो, छत्री उघडतो, नाहीतर सरळ सावली गाठतो. पण गच्चीवरच्या कुंडीतल्या झाडानं काय करावं? त्याला तर जागचं हलता येत नाही. म्हणून ते बिचारं असहाय आहे, असं मात्र समजू नका हं!

उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ते पेशीतल्या डीएनएलाच इजा करतात. पण पानांच्या पेशींत 'यूव्हीआर-८' नावाचं एक प्रथिन पहाऱ्याला असतं. त्याचे दोन-दोन रेणू फुगडी घालणाऱ्या मुलींसारखे एकमेकांना धरून असतात. अतिनील-बी किरण पडले, की हात सुटतात. सुटा रेणू पेशीच्या केंद्रकात दुसऱ्या एका प्रथिनाला जाऊन बिलगतो आणि संरक्षणाची जनुकं कामाला लागतात. मग फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्यं तयार होऊन पानाच्या वरच्या थरात साठतात. ती घातक किरण शोषून घेतात आणि अन्न बनवायला लागणारा उजेड आत जाऊ देतात. आपल्या कांद्यातलं क्वेर्सेटिन याच जातीचं, बरं का!

हे कळलं ते मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपावरून. ही द्रव्यं बनवणारं जनुक बिघडलेली रोपं अशा किरणांत लवकर होरपळतात, असं १९९३ साली दिसलं. यूव्हीआर-८चं काम २०११ साली उलगडलं. गरज संपली, की आणखी दोन प्रथिनं सुटलेले हात पुन्हा जुळवून देतात. उगाच खर्च नको! गृहिणीची काटकसर ती हीच, नाही का?

आता आपल्या कामाचं. खिडकीच्या काचेतून ऊन येतं, पण अतिनील-बी किरण जवळजवळ येतच नाहीत. त्यामुळे घरात वाढलेल्या झाडाची ही छत्री पुरती तयार नसते. ते एकदम गच्चीवर ठेवलं, तर प्रखर उजेड, उष्णता आणि हे किरण मिळून पानांवर पांढुरके, तपकिरी डाग पाडतात. तेव्हा सुरुवातीला सकाळचं कोवळं ऊन तासभर द्या, मग आठ-दहा दिवसांत वेळ वाढवत न्या. मनी प्लांटसारखी सावलीची झाडं मात्र सावलीतच बरी.

आणि पानं करपलीच, तर झाड उपटून टाकण्याची घाई करू नका. करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. पण मूळ आणि खोड धड असेल, तर नवी पालवी उन्हाच्या तयारीनंच फुटेल.