गहू वर्ज्य केल्यावर पूर्ण पोषण कसे साधावे

गहू हे पौष्टिक धान्य होय, ह्याविषयी दुमत नाही. तथापि काही मनुष्यांच्या आतड्यांस तेच अपायकारक ठरते. कणकेचा गोळा पाण्याखाली धुतला असता जो चिवट भाग हाती राहतो, त्यास ग्लुटेन म्हणतात. सीलिअॅक नामक विकारात ग्लुटेनमुळे शरीराची संरक्षक शक्ती उलटते, लहान आतड्याच्या आतील सूक्ष्म लव नाश पावते व खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मूल खुरटते, जुलाब होतात, रक्त कमी पडते, हाडे कमकुवत होतात. ह्या विकाराचे कारण गहू होय, असे हॉलंडातील बालवैद्य डॉ. विलेम डिके ह्यांनी १९५० सालच्या आपल्या प्रबंधात दाखविले.

ह्यावर उपाय एकच. तो म्हणजे आजन्म ग्लुटेन वर्ज्य करणे. परंतु केवळ संशयावरून गहू सोडू नये. रक्ताची तपासणी गहू खाण्यात असतानाच करवावी. आधीच सोडल्यास रोग तपासणीत लपून राहण्याचा संभव असतो.

गव्हाबरोबर सातू (जव) व राय हीही वर्ज्य होत. खपली हाही गहूच. तो चालतो हा समज चुकीचा आहे. रवा, मैदा, शेवया व कुरडया टाळाव्या. बाजारच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

आता मुख्य मुद्दा. गहू सोडणे म्हणजे पोषण साधणे नव्हे. गव्हाऐवजी नित्य पांढरा भात, साबुदाणा व तांदळाच्या पिठाचे पदार्थच दिले, तर पोट भरते. पण लोह, जीवनसत्त्वे व चोथा ह्यांची उणीव राहते. आतडे आधीच दुखावलेले असल्याने ही उणीव रोग्यास अधिक बाधते. ती भरून काढणारी धान्ये आपल्याच शिवारात आहेत. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, मका व राजगिरा ह्यांत ग्लुटेन नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तितक्याच गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. बाजरीत लोह चांगले आहे; तिच्या भाकरीबरोबर लिंबू किंवा आवळा असल्यास ते अंगी अधिक लागते. ज्वारीच्या प्रथिनांतील उणीव तूर, मूग, मटकी व हरभरा भरून काढतात. म्हणून भाकरीशी वरण वा उसळ असावीच. पालेभाजीतून फोलेट मिळते. ब-१२ जीवनसत्त्व मात्र धान्यांत नाही. त्यासाठी दूध, दही, अंडी किंवा मासळी हवी. आरंभी वैद्यांच्या सल्ल्याने औषधरूप लोह व जीवनसत्त्वेही घ्यावी लागतात.

शेवटी दळणाविषयी. गव्हाच्या मागोमाग त्याच गिरणीत दळलेली ज्वारी शुद्ध राहत नाही. आपल्या देशातील नियमाप्रमाणे ग्लुटेनमुक्त म्हणून विकावयाच्या अन्नात दर किलोस २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाही. ह्यावरून अल्प मिश्रणही किती घातक, हे ध्यानी येईल. म्हणून रोग्याचे धान्य घरच्या जात्यावर किंवा वेगळ्या चक्कीवर दळावे. मळणीयंत्र, पोती, कणगी, परात व तवा ह्यांसही हाच नियम लागू आहे.

ज्यांच्या घरी असा रोगी असेल, त्यांनी ज्वारी, नाचणी व कडधान्ये ह्यांसाठी शेताचा एक तुकडा राखून ठेवावा, अशी आमची सूचना आहे. विकत घेतलेल्या धान्यात काय मिसळले आहे हे सांगता येत नाही. घरचे धान्य पेरणीपासून पानापर्यंत आपल्या नजरेखाली असते.